पंतांनी लिहिलेली वयं

कोर्टाच्या दाराशी तीस वर्षं उभं राहिलं की असे किस्से साठतातच. ठाण्याच्या कोर्टात मी पट्टेवाला. आत हेडकारकून आबाजीपंत. जन्माचा दाखला कुणाकडेच नसतो, म्हणून पंत तोंड बघून वय लिहितात. एकदा लिहिलं की ते ब्रह्मदेवाच्या बापालाही खोडता येत नाही!

*

बाळकुमची एक म्हातारी साक्षीला आली. पंतांनी वय विचारलं.

"लिव तुझ्या मनानं."

पंतांनी लिहिलं, पन्नास.

"आन् भायेर माझा लेक बसलाय, त्याला काय लिवशील?"

त्याला पंतांनी सकाळीच लिहिला होता. बावन्न!

*

कल्याणचा एक पोरका तरुण चुलत्याकडून बापाची आमराई मागायला आला. अठरा झाली की ती त्याची. चुलत्याच्या वकिलाने वय विचारलं.

"अठरावं लागलंय."

आपण लागलेलं वर्ष मोजतो. कायदा पुरं झालेलं मोजतो. वकील लगेच उठला, "म्हणजे सतराच! साहेब, हा अज्ञान आहे."

"अहो, बापाचे दिवस मी केले, बहिणीचं लग्न मी लावून दिलं!"

पंत मान वर न करता म्हणाले, "बहिणीचं वय विचारलेलं नाही."

अठरा पुरी करून तो परत आला. तोवर चुलत्याने एकूण एक झाड तोडलं होतं. चुलत्याच्या नावाचा पुकारा करताना माझा आवाज चढला. साहेबांनी दटावलं ते मलाच!

*

शिपायाला साठीला घरी पाठवतात. मी नोकरीला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा. पण अंगाने थोराड, मिशा भरलेल्या. पंतांनी लिहिलं, तीस.

"पंत, बावीस."

"अरे धोंड्या, तीस असू दे. लोक वचकून राहतील!"

आता मी बावन्नचा, हातपाय धड. तरी कागदावर साठ भरली, म्हणून हुकूम आला. पट्टा उतरव!

कारकुनाला पंचावन्नाव्या वर्षी जावं लागतं. पंतांच्या स्वतःच्या कागदावर त्रेपन्न. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांचा जावई त्यांना भेटायला आला होता!

मी साहेबांपुढे गेलो. म्हणालो, "पंत माझ्याहून मोठे. त्यांनाच विचारा."

साहेबांनी विचारलं, "पंत, याला कधीपासून ओळखता?"

तीस वर्षं मला धोंड्या म्हणणारा तो माणूस उठला. भर कोर्टात वाकून त्याने मला नमस्कार केला.

"साहेब, लहानपणी यांच्याच कडेवर बसून मी जत्रा पाहिली. हे आमचे धोंडबाकाका!"