तंगुसाचा तुकडा

आमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तीन फायली आहेत. पहिली नवऱ्याची. तो बोटीवर असतो, इंजिनाच्या कामाला. दर खेपेला बोटीवर चढण्याआधी मुंबईला जाऊन त्याची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. डोळे, कान, दात, छाती, रक्त, सगळं ठीक निघालं की कागदावर शिक्का बसतो आणि मगच त्याला समुद्र मिळतो. दुसरी सासूबाईंची, ब्लडप्रेशरची. ती खरं तर साडीच्या दुकानातली पिशवी आहे, पण आम्ही तिला फाईलच म्हणतो. तिसरी मुलींची, लसीकरणाच्या कार्डांसकट. थोरली चौथीत आहे, धाकटी बालवाडीत. कुणाला कोणत्या इंजेक्शननंतर ताप आला होता ते मला तोंडपाठ आहे. माझी फाईल नव्हती, आणि ती नाही हेही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

यातली गंमत अशी की मी कामालाच रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. मारुती मंदिराजवळ, पहिल्या मजल्यावर. सकाळी सातला काउंटर उघडायचा आणि येईल त्याला विचारायचं, "उपाशीपोटी आलात ना? चहासुद्धा घेतला नाही ना?" संगमेश्वरकडून पहिल्या एसटीने आलेली एखादी म्हातारी म्हणते, "वाईच घेतलाय गो, बिनसाखरेचा." मग मी रागावते. साखर किती महत्त्वाची, वेळेवर खाणं किती महत्त्वाचं, हे मी तिला दोन मिनिटं सुनावते. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

कारण मी स्वतः रोज उपाशीच असायचे. माझं रक्त कुठल्याही सकाळी तपासणीला तयार होतं. घरातून निघेपर्यंत दोन डबे, सासूबाईंची पेज, धाकटीची वेणी. धाकटीच्या ताटलीत मऊ भात उरला तर तो ओट्याशी उभ्यानेच तोंडात टाकायचा. घावनाचा चावलेला काठ, चहात पडून विरघळलेलं बिस्किट, जे टाकवत नाही ते माझं. मग साडेअकराला एकदम भूक खवळली की खालच्या टपरीवरचे दोन वडापाव आणि गोड चहा. सासूबाई म्हणायच्या, "अगो, बस न् खा. उभ्यानं खाल्लेलं अंगास लागत नाय." आणि त्याच दमात म्हणायच्या, "माझं पाणी आण वाईच."

शाळेच्या आयांच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी फुलांच्या चित्रासकट उपदेश टाकतं. आईने आधी स्वतःची काळजी घ्यावी, रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढावा. मला त्या बाईंना विचारावंसं वाटायचं की बाई गं, कुठून काढू? पण तेवढाही वेळ नसायचा. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवून कुकर लावायचे.

धाकटीच्या वेळी माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर दीड महिन्याने पुन्हा तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्याला चार वर्षं उलटली. चार वर्षं मी त्याच यंत्रापासून दहा पावलांवर बसत होते आणि जगाच्या साखरेचे रिपोर्ट पाकिटात घालून देत होते. मुद्दाम टाळलं असं नाही. उद्या करू म्हणायचे, आणि उद्या काउंटरवर रांग असायची.

दुपारी घरी आल्यावर पायांना मुंग्या यायच्या. मग त्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, चला, बरं झालं.

त्या दिवसांत बाकीचंही बरंच काही बंद झालं होतं. पूर्वी नवरा निघाला की स्टेशनवरून परतताना मी रिक्षात रडायचे. मागच्या खेपेला गाडी हलली तेव्हा माझ्या मनात फक्त एवढंच होतं की धाकटीच्या डब्याचं झाकण कुठे राहिलं. थोरलीला वक्तृत्वात बक्षीस मिळालं, मी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवताना माझे हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दिसत होते. मी त्याला सवय म्हणायचे. बोटीवरच्या माणसाच्या बायकोला सवय व्हावीच लागते, असं सगळे म्हणतात.

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी मी मुलींना भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. आम्ही चपला हातात घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत चालत गेलो आणि परत फिरलो. थोरली मागून येत होती. तिला आमची पावलं मोजायचा नाद. अचानक ती ओरडली, "आई, थांब! रक्त!"

मी आधी धाकटीचे पाय पाहिले, मग थोरलीचे. दोघींचे धड होते. थोरली माझ्याकडे बोट दाखवत होती. ओल्या वाळूत माझ्या उजव्या पावलाच्या प्रत्येक ठशात लाल डाग होता, आणि ते ठसे पार खाडीकडून येत होते. मी खाली बसले. कालवाच्या शिंपल्याचा धारदार तुकडा अंगठ्याखाली घुसून बसला होता. तो मी उपटून काढला. तेव्हाही काही वाटलं नाही.

"काही नाही गं," मी म्हणाले.

"काही नाही कसं? दुखत नाहीये?"

"नाही ना. म्हणजे काही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला त्या उत्तरात काहीतरी चुकीचं दिसलं होतं. मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत नव्हते, पण पट्टी होती. रक्त काढणाऱ्या माझ्या मैत्रिणीने काउंटरच्या आत डोकावून विचारलं, काय झालं. मी सांगितलं तसा तिचा चेहरा बदलला. तिने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा आवळला आणि विचारलं, "उपाशी आहेस?" आम्ही दोघी हसलो. मग तिचं हसणं थांबलं.

रिपोर्ट दुपारी आला. तो मीच छापला, मीच पाकिटात घातला. समोरचा माणूस पाकीट उघडत असताना आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. मी आकडा वाचला आणि पुढच्या माणसाला म्हटलं, "बोला."

डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, एक बारीक नायलॉनचा दोरा काढला आणि म्हणाले, "डोळे मिटा. तळव्याला लागलं की सांगा." मी वाट बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, यांनी अजून सुरुवात केली नाही. डोळे उघडले तेव्हा उजवा पाय संपवून ते डाव्याच्या मध्यापर्यंत आले होते.

"साखरेने तळव्यांची जाणीव गेलीय. गेलंय ते परत येईल असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "आहे ते मात्र टिकवता येईल." गोळ्या लिहिल्या. वेळेवर आणि बसून खायचं, रोज चालायचं, घरातसुद्धा चप्पल घालायची, आणि रोज संध्याकाळी तळवे बघायचे. सगळं मी काउंटरवरून लोकांना सांगत आलेलंच होतं. मग त्यांनी विचारलं, "हे आत्ता कळतंय? तुम्ही तर लॅबमध्ये आहात." मला लाज वाटली. खूप दिवसांनी नीट जाणवलेली ती पहिली गोष्ट.

थोरली माझ्याबरोबर आली होती. तिने तो दोरा नीट पाहून ठेवला होता. शेजारचे काका खाडीवर मासे गरवायला जातात. त्यांच्या गळाचा तंगूस म्हणजे अगदी तसाच नायलॉनचा दोरा. घरी येताच तिने त्यांच्याकडून वीतभर तुकडा मागून आणला. "हा डॉक्टरांचा नाही," मी म्हटलं, "यावरून काही ठरवायचं नसतं." "सराव म्हणून," ती म्हणाली. एका जुन्या वहीत तिने माझ्या दोन्ही तळव्यांभोवती पेन्सिल फिरवून चित्रं काढली, प्रत्येकावर पाच-पाच ठिपके दिले. दिवेलागणीला सासूबाई शुभंकरोती म्हणून उठल्या की ही माझे पाय मांडीवर घ्यायची. आधी कुठे चिरलंय का बघायची. मग म्हणायची, "मिट डोळे."

पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. दहा ठिपक्यांतले तीन. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी पाच सांगितले. तिसऱ्या दिवशी सात. ती खूश होऊन आजीला सांगायला धावली, "आईचे पाय बरे होतायत!" सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मला द्यायला आणली. मग आठवण झाली तशी स्वतःच तोंडात टाकली.

नवऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं. भर समुद्रात त्याच्या डोक्याला कशाला घोर? तो विचारायचा, "बरी हायस ना?" त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं "बरी आहे" निघालेलं असायचं. दोन आठवड्यांत वहीत माझे पाय जवळजवळ बरे झाले. औषध मात्र मी दोन दिवस विसरले होते, आणि ओट्याशी उभ्याने खाणं पुन्हा सुरू झालं होतं. वहीवर माझा स्वतःचाच विश्वास बसायला लागला होता.

एका संध्याकाळी ती नेहमीसारखी बसली. मी डोळे मिटले. आता मला तिच्या श्वासावरून अंदाज यायचा.

"लागलं," मी म्हणाले.

वहीवर पेन्सिलचा आवाज आला नाही. मी वाट पाहिली आणि पुन्हा म्हणाले, "लागलं."

"आई," ती म्हणाली, "मी अजून हात लावलाच नाही."

मी डोळे उघडले. तंगूस तिच्या फ्रॉकच्या खिशात होता. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. काउंटरवर उपाशी असल्याचं खोटं सांगणाऱ्या माणसाकडे मी जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"रोजच खोटं बोलत होतीस?"

मला भीती वाटली. पायांची नव्हे. ही पोरगी मोठी होईल, हिला कुठेतरी दुखेल, कुणीतरी विचारेल, आणि तीही प्रश्न पुरा व्हायच्या आत बरी आहे म्हणून मोकळी होईल. हे मी तिला घरीच शिकवत होते.

"हो," मी म्हणाले.

तिने वहीतलं पान फाडलं. नवीन पानावर माझे पाय ठेवून पुन्हा पेन्सिल फिरवली. एकेका ठिपक्याला तंगूस टेकवला. मी या खेपेला डोळे मिटून नुसती बसले आणि लागेल तेव्हाच बोलले. तिचं लिहून होतंय तोवर फोन वाजला. बोटीवरून होता.

"काय गो, बरी हायस ना?"

जिभेवर शब्द तयार होता. थोरली मान खाली घालून वहीत बघत होती, पण तिची पेन्सिल थांबली होती.

"नाही," मी म्हणाले.

पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू येत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली, हे उत्तर त्याने माझ्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

"काय झालं? कुठं दुखतंय?"

"दुखत नाही," मी म्हणाले. "तेच तर झालंय."

थोरलीने माझ्या हातातून फोन घेतला, वही मांडीवर नीट धरली आणि शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात बापाला वाचून दाखवायला लागली. "उजवा पाय. अंगठा, नाही. करंगळी, नाही. मधला भाग, नाही..." सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. वाचत वाचत ती शेवटच्या ठिपक्याशी आली.

"डावा पाय. टाच," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. "हो."

ते खरं होतं.