मिशी दिसणारा शाफ्ट

आमच्या आबांना वस्तू चकचकीत केल्याशिवाय चैन पडत नाही. फौजेत बूट घासून घासून हाताला तीच सवय लागलेली. घरी आल्यावर तांब्या, सायकलची घंटी, काही म्हणून सुटलं नाही. शिराळ्याजवळ आमच्या गावी त्यांनी गुऱ्हाळ घातलं, तेव्हा उसाच्या चरकाचा नवा पोलादी शाफ्टही घासला. आधी पॉलिश पेपर, मग पॉलिश, मग फडकं. स्वतःची मिशी दिसेपर्यंत!

चरक सुरू झाला आणि थोड्याच वेळात धूर निघाला. शाफ्ट ज्या पितळी बुशात फिरतो, त्यातच तो चिकटून बसला. तेल तर आबांनी स्वतः घातलं होतं. संध्याकाळी आईला म्हणाले, ऊस कारखान्याला घालू, पुण्यात वॉचमनची जागा आहे, मी जातो. सगळं आयुष्य बाहेर काढून आत्ता कुठे घरी आलेला माणूस! आई चुलीपुढे बसून रडली. मला असा राग आला म्हणून सांगू, दुसऱ्या दिवशी शाफ्ट आणि आबा, दोघांनाही गाडीत घातलं.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग मशीनवर काम करते. साहेबांना विचारून शाफ्ट मशीनवर चढवला, खराब झालेला थर काढला आणि अंगावर बारीक तिरक्या रेघा ठेवल्या. आबांचा जीव खालीवर.

"अगं, समदीकडं वरखाडं पडलं की!"

"आवं आबा, ऱ्हाऊ द्या. लय खरबरीत ठेवला तर बुश खाईल. पर आरशावानी केला तर तेल कुठं थांबंल? ह्या रेघांत थांबतंय ते."

आबांना काही पटलं नाही. तरी नव्या मापाचा बुश घालून आधी चरक रिकामाच फिरवला, मग थोडा थोडा ऊस लावला. शाफ्ट आणि बुश एकमेकांना सरावले. गुळाचा वास गावभर सुटला, पण पुण्याचा विषय काही आबांनी मिटवला नाही.

हंगाम संपल्यावर बुश उघडला. आत झीज नावाला. शाफ्टवर रेघा तशाच, तेलाने ओल्या. आबांनी खांद्यावरचं फडकं काढलं. आईला आणि मला वाटलं, आता पुन्हा घासणार! त्यांनी शाफ्टवरून एक बोट फिरवलं, फडक्याला पुसलं आणि फडकं परत खांद्यावर टाकलं.

"पुण्याला फोन लाव," मला म्हणाले. "म्हणावं, न्हाई येत."