उकिरड्यावर उगवलेला हरभरा

मंजुळाबाईला शंका आली ती उकिरड्यावर. चंद्री घोडीच्या लिदीच्या ढिगात हरभऱ्याची कोवळी रोपं वर आली होती, चांगली मूठभर.

नवरा वना शिंदखेड्याच्या स्टेशनावर टांगा हाकायचा. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याने सारंगखेड्याच्या यात्रेतून चंद्री आणली. उंच, देखणी. पण दोन महिन्यांत बरगड्या दिसू लागल्या, पोटाखालचा पट्टा, तंग, शेवटच्या भोकापर्यंत आवळावा लागला. चढ आला की घोडी मध्येच उभी राहायची. टांगेवाल्यांपैकी कोणी म्हणे सरकी घाल, कोणी म्हणे गूळ, कोणी म्हणे दृष्ट काढ. वनाने आपला हरभराच वाढवत नेला. एके दुपारी घोडीचं पोट फुगलं, ती जमिनीवर लोळली. संध्याकाळपर्यंत फिरवत ठेवली, तेव्हा कुठे ती सावरली.

मंजुळाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. पण एखादी गोष्ट अशीच का, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. जे चावलं गेलं ते उगवेल कसं? तिने ताजी लीद पाटीत घेऊन पाण्यात धुतली. तळाला टपोरे, अख्खे हरभरे उरले. मग ती गव्हाणीजवळ जाऊन बसली. चंद्री कडबा तोंडात घोळवायची आणि ओला बोळा खाली टाकायची.

"ती दाना खास, पन चावस नही," तिने वनाला सांगितलं.

"तुले कसं समजनं?"

"मले उकिरडानी सांगं."

वना हसला, पण दुसऱ्या दिवशी घोडी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला. मंजुळाबाईही गेली. डॉक्टरांनी घोडीचं तोंड उघडून आत बोट फिरवलं.

"दाढांच्या कडांना धार आलीये. चावताना आतून गाल कापतो, म्हणून ती गिळून टाकते."

त्यांनी लांब कानशीने दाढा घासल्या. मंजुळाबाईने इतके प्रश्न विचारले की शेवटी डॉक्टर स्टूल ओढून बसले. घोड्याचं जठर लहान, दाणा एकदम घातला तर न पचता पुढे आतड्यात जातो आणि तिथे आंबतो. वैरण आधी, दाणा नंतर आणि थोडाथोडा, असं त्यांनी समजावलं.

घरी आल्यावर तिने हरभरा निम्मा केला, जात्यावर भरडून भिजवला. त्यात गव्हाचा कोंडा आणि चिमूटभर मीठ. कडबा बारीक कापला, वाळलं गवत दिवसभर समोर ठेवलं. दाणा दोन वेळांऐवजी चार वेळा. हा बदलही तिने एकदम केला नाही, आठ-दहा दिवस घेतले. दर आठवड्याला लीद धुऊन पाहायची. आता पाटीत नुसती टरफलं उरत.

होळीपर्यंत तंग दोन भोकं सैल झाला. चंद्री चढ दुडक्या चालीने चढली, तेव्हा घोडी कोणामुळे सुधारली म्हणून वना मागे बसलेल्या प्रवाशांना बायकोचं नाव सांगत होता.

मग स्टेशनावरचा टांगेवाला जीवराम आला. त्याचाही घोडा सुकत चालला होता.

"आक्का, मी बी भरडाच देऊ का?"

"पहिले लीद दखाड," ती म्हणाली.

लीद कोरडी, कडक होती. दाणा एकही नाही. मंजुळाबाईने ती बोटांनी फोडून पाहिली. म्हणजे दात बरे होते, मग अडलं कुठे? तिने विचारलं, "पानी कितला येळ पाजस?"

जीवरामने बोटांवर मोजलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, एवढंच त्याला आठवत होतं. मंजुळाबाईने भरड्याऐवजी पाण्याची बादली त्याच्या हातात दिली.