लंगडीच्याही मागे

अठरा वर्षं सेलूच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होतो आणि त्या उन्हाळ्यात मी पार थकून गेलो होतो. घरोघरची भांडणं मिटवा, आजाऱ्यांपाशी बसा, अंत्यविधी करा. माझ्यापाशी बसायला मात्र कोणी नाही. बायको गेल्यापासून तर प्रार्थनाही नुसती उरकायचो. प्रभू पुढे चालतो, आपण त्याच्या मागे जायचं, हे मी दर वर्षी लोकांना सांगत आलो. आता तो इतका पुढे निघून गेला होता की मला त्याची पाठही दिसेना. राजीनामा लिहून खिशात ठेवला. हिंगणीच्या एका घरी प्रभुभोजन द्यायचं तेवढं उरलं होतं. ते आटोपलं की तिथल्याच टपालपेटीत टाकणार होतो.

त्या घरात एकटी म्हातारी, शेळ्या राखणारी. शेळ्यांना रविवार कळत नाही, म्हणून ती उपासनेला येत नसे. अशांना प्रभुभोजन घरी नेऊन द्यायची आमची रीत. डब्यात भाकर आणि लहानशा बाटलीत द्राक्षारस घेऊन पोचलो, तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, जंगलाच्या कडेला गेली. मी मनातल्या मनात चरफडत बांधाबांधाने निघालो.

एका पळसाखाली ती सापडली. डोक्यावर पदर घेऊन, चपला काढून तिने प्रभुभोजन घेतलं. परतताना शेळ्या पुढे आणि ती सगळ्यांत मागे, एका लंगड्या शेळीच्या चालीने. उन्हाने माझं डोकं तापलं होतं.

"मावशी, तुम्ही पुढे व्हा की. भराभर येतील त्या."

"काऊन पाळकसाहेब? इथं वाघ हाये. तो पुढचीले नाई नेत, मांगं राह्यली तिलेच नेते. म्हणून मी लंगडीच्याबी मांगं." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी लय थकलेले दिसून राह्यले. चाला लंगडीसंगं. मी हाओ ना मांगं."

मला रडूच आलं. थोडा रागही आला, की अठरा वर्षं उपदेश केला मी आणि हे मला हिने सांगावं. लंगडीच्या बाजूने चालू लागलो. राजीनाम्याचा कागद घामाने भिजून छातीला चिकटला होता. मागे तिच्या काठीचा आवाज येत होता.

गावात शिरताना टपालपेटी आली. लंगडी थांबली नाही, म्हणून मीही थांबलो नाही.