‘बिऱ्हाड’चा मूळ नियम

आमच्या ह्यांची ओळख करून देताना लेक हमखास सांगते, “‘बिऱ्हाड’ हा खेळ आमच्या बाबांनी काढला.” समोरचा माणूस खूश होतो. लहानपणी भावंडांचं सामान आपण कसं लुबाडलं आणि त्यावरून कशी मारामारी झाली, ते रंगवून सांगू लागतो. ह्यांचा चेहरा पडतो. मग हे मूळ नियम समजावायला घेतात आणि पाहुणा घड्याळाकडे बघू लागतो. माझं अर्धं आयुष्य हे बघण्यात गेलं. वैताग आला आहे मला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पटाच्या एका बाजूला जुनी घरं, दुसऱ्या बाजूला नवी. प्रत्येकाला एक हातगाडी आणि तिच्यावर पुठ्ठ्याचं सामान: पलंग, कपाट, आरसा, दिवा, शिलाई मशीन. फासे टाकत गाडी नव्या घरी न्यायची. वाटेत खड्डे आहेत. गाडी खड्ड्यात आली की एक वस्तू तिथेच पडते. इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही.

भांडण पडलेल्या वस्तूवरून आहे. पेटीतल्या कागदावर छापलंय की मागून येणाऱ्याला ती सापडली की ती त्याची, आणि शेवटी ज्याचं सामान जास्त तो जिंकला. ह्यांचा मूळ नियम अगदी उलटा. मागून येणाऱ्याने ती वस्तू उचलायची, आपल्या गाडीवर चढवायची आणि ज्याची त्याला पोचती करायची. ओझ्यामुळे गाडी मंदावते, ते सोसायचं. जो आधी घरी पोचेल तो पहिला, पण सगळ्यांची घरं लागल्याशिवाय डाव संपत नाही.

खेळण्यांच्या कंपनीच्या मालकाने हा नियम वाचला आणि म्हणाला, यात चुरस कुठे आहे? हे तेव्हा खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापण्याच्या यंत्रावर होते. मोठ्या माणसासमोर ह्यांची जीभ टाळ्याला चिकटली. मालकाने बदललेल्या नियमावर सही करून घरी आले आणि तेव्हापासून जे बोलताहेत ते अजून थांबलेले नाहीत. खेळ मात्र घरोघरी गेला. प्रत्येक घराने त्यात आपलं डोकं चालवलं. कुणी चोर घातला, कुणी दंड लावला, कुणी घरातल्या आजीची वस्तू उचलली तर दुप्पट मोजायची असं ठरवलं. एकदा दातांच्या दवाखान्यात दोन मुली पट मांडून बसल्या होत्या. हे दुखरी दाढ विसरून त्यांना शिकवायला गेले. त्यातली एक मोठ्या सहानुभूतीने म्हणाली, “आजोबा, तुम्हाला हा खेळ येत नाही का?” हे दाढ न दाखवताच घरी निघाले. मला मात्र हसू आवरत नव्हतं.

पण हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण माझ्यासाठी कधीच नव्हतं. तो खेळ कुठून आला ते फक्त आम्हा दोघांना माहीत आहे.

लेक तान्ही होती तेव्हा आम्ही बेकरीमागची खोली सोडून कारखान्याजवळ दोन खोल्यांत राहायला गेलो. सामान एका भाड्याच्या हातगाडीवर. हे पुढून ओढत होते, मी मागून ढकलत होते आणि लेक गादीच्या वळकटीवर झोपलेली. सगळ्यात वर माझं शिलाई मशीन बांधलं होतं. माझ्या वडिलांनी दिलेलं. त्यावर मी शाळेचे गणवेश शिवायची, माझी स्वतःची गिऱ्हाइकं होती. चढावर चाक खड्ड्यात गेलं, दोर सैल झाला आणि मशीन घसरून रस्त्याच्या कडेला पडलं. मी म्हणाले, “अहो, मशीन राहिलं.” हे मागे न बघता म्हणाले, “आधी हे सोडून येतो.” मी हात काढला असता तर गाडी उतारावरून मागे आली असती, लेकीसकट. मी ढकलत राहिले. हे परत गेले तेव्हा तिथे काही नव्हतं.

कुणीतरी आणून देईल, असं हे कितीतरी दिवस म्हणत होते. कुणी आणून दिलं नाही. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली आणि मी ह्यांच्याच कारखान्यात खोक्यांना खळ लावायला लागले. बायका माझ्या सुबक हाताचं कौतुक करायच्या, ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यानंतर हे पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे घरी आणू लागले. पलंग कापला, कपाट कापलं, आणि मग एक बारीकसं मशीन, हँडलसकट. मला सगळं कळलं. ह्यांनी माफी पुठ्ठ्यात कापून माझ्यासमोर ठेवली होती. मला ती तोंडाने हवी होती. ते एक वाक्य ह्यांच्याकडून कधी आलं नाही आणि मीही मागितलं नाही. मागून मिळालेल्याला काय चव?

आता कंपनी म्हाताऱ्या मालकाच्या मुलीकडे आहे. खेळ नव्या रूपात काढायचा म्हणून तिचा फोन आला. ह्यांनी आपलं जुनं गाऱ्हाणं उगाळलं. ती शांतपणे म्हणाली, घरच्यांबरोबर एक डाव तुमच्या नियमाने खेळा, मजा आली का ते खरं सांगा, आली तर आपण तोच नियम छापू. ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. मला मात्र धडकी भरली. इतक्या वर्षांत ह्यांच्या नियमाने घरात एकही डाव पुरा झाला नव्हता.

रविवारी दुपारी लेक आणि नात आल्या. नातीला आम्ही टाचणी म्हणतो, कारण ती सगळ्यांना टोचते. हे मध्ये बसून नियम सांगत होते आणि टाचणी जांभया देत होती. डाव सुरू झाला. लेकीने माझा आरसा पोचवला, मी तिचा दिवा पोचवला, आम्ही एकमेकींचे आभार मानले. टाचणी म्हणाली, “हा खेळ आहे की हमालीचं काम?” ह्यांनी नुसते फासे तिच्यापुढे सरकवले. पण टाचणीची गाडी नव्या घराजवळ पोचली, ह्यांची तिच्या मागोमाग आली, तसे हे पुढे सरकून बसले. फासे जोरात पडू लागले.

त्या दोघांच्या मधली माझी गाडी खड्ड्यात गेली आणि मशीन पडलं. माझ्यामागे हेच होते. ह्यांनी फासे टाकले, चौकोन मोजत गाडी पुढे नेली आणि मशीनवरून सरळ निघून गेले.

कुणाचं लक्ष नव्हतं. मी न ठरवता बोलून गेले.

“अहो, मशीन राहिलं.”

“आधी हे सोडून येतो,” हे म्हणाले.

आणि तिथेच ह्यांचा हात थांबला. लेक आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. ती तेव्हा झोपलेली होती, तिला काय कळणार? ह्यांनी गाडी बोटाने धरून मागे, पार खड्ड्यापर्यंत आणली. पुठ्ठ्याचं मशीन उचललं. ते गाडीवर ठेवायचं सोडून हे नुसतेच हातात धरून बसले.

“थांबायला हवं होतं मी,” हे म्हणाले. “तू सांगितलं होतंस.”

हे वाक्य आलं की मी रडेन असं मला वाटायचं. रडू आलंच नाही. इतक्या वर्षांचा राग मात्र एकदम वर आला.

“एवढं म्हणायला तुम्हाला अख्खा खेळ काढावा लागला?” मी म्हणाले.

ह्यांनी मान डोलावली आणि मशीन माझ्या हातात दिलं. टाचणीने फासे उचलले. गाडी मागे नेली म्हणून आजोबांची पाळी गेली, असं तिने जाहीर केलं. हे कुठल्याच कागदावर नाही. आणि ह्यांनी जन्मात पहिल्यांदा नियमावरून वाद घातला नाही.