मोहाखालचा पाला आणि दोन पिल्लं

परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, आजी चिडल्यासारखी का बोलते. चिडलेलीच आहे. क्रमानं सांगते.

सौंसरजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेमागं जो उतार आहे, त्यावर मोहाची झाडं आहेत. फुलं पहाटे गळतात. ती वेचायला सोपं जावं म्हणून झाडांखालचा वाळला पाला जाळायची इथली रीत. मला ती कधीच पटली नाही. खराट्यानंही जमीन तितकीच स्वच्छ होते, फक्त पाठ दुखते. यंदा तर उताराच्या वरच्या कपारीत अस्वलाची मादी व्यालेली होती.

धाकटी जाऊ आणि मी ऊन चढल्यावर तिचा माग बघायला जात असू. बायकांनी दुसऱ्या दिवशी कोणत्या बाजूनं मोह वेचायचा, ते त्यावरून ठरे. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या अनवाणी पायासारखा उमटतो. पुढे नखांच्या रेघा असतात, एवढाच फरक. वाळवीसाठी तिनं ताजं उकरलेलं वारूळ दिसलं की आम्ही मुकाट्यानं परत फिरायचो. एकदा ती दूर गेल्याची खात्री झाल्यावर कपारीखालच्या धुळीत लहान पावलं पाहिली. दोन पिल्लं होती, एक जरा थोराड.

मी दिरांना सांगितलं, पिल्लं इथून हलेपर्यंत वरची बाजू जाळायची नाही. ते हो म्हणाले.

शनिवारी आम्ही दोघी जामसांवलीला दर्शनाला गेलो. परतताना बसमधूनच धूर दिसला. घरी आलो तर दीर ओसरीवर निवांत चहा पीत होते.

"काळजी नका करू, वहिनी," ते म्हणाले. "अस्वल टेकडीपल्याड गेलेलं म्या माह्या डोळ्यानं पायलं, मंगच काडी लावली. सावधपणानंच केलं सारं."

"अन् पिल्लं?" जावेनं विचारलं.

"पिल्लं मायसंगच असतीन ना."

जाऊ त्यांची बायको, त्यामुळे तिला बोलायची मुभा जास्त. "तुमची माय कापूस येचाले जाये, तवा तुमाले पाठीवर घेऊन जाये काय? झोळीत टाकूनच जाये ना?"

अंगावर पिणारी पिल्लं कपारीत ठेवून मादी चरायला जाते. म्हणजे या गृहस्थांनी वाट पाहिली ती नेमकी पिल्लं एकटी उरण्याची, आणि त्याला सावधपणा म्हटलं. सगळ्यात जास्त राग मला त्या शब्दाचा आला.

दुसऱ्या दिवशी राख निवल्यावर आम्ही गेलो. मादीची पावलं राखेतून कपारीपर्यंत गेलेली होती आणि तिथून नाल्याकडे उतरलेली. बरोबर लहान पाऊल एकही नव्हतं. त्यावरून काहीच कळत नाही, कारण जागा सोडून जाताना मादी पिल्लांना पाठीवर घेते. पाठीवर दोन असोत, एक असो किंवा कुणीच नसो, राखेत उमटते ती एकटी आईच. कपारीच्या तोंडाशी दगड काळे पडले होते. आत वाकून बघायची आमची दोघींची छाती झाली नाही.

नाल्याच्या ओल्या रेतीत ती पाणी प्यायला थांबली होती. तिथं एक पिल्लू खाली उतरल्याच्या खुणा होत्या. पावलं त्या थोराड पिल्लाची होती. दुसरं पाठीवरच बसून राहिलं असेल, असं मी म्हणाले. जाऊ रेतीत वाकून शोधत राहिली.

उरलेल्या झाडांखालचा पाला आता दीर खराट्यानं झाडतात. कुणी सांगितलं नव्हतं. पाठ धरून येतात, मी चहा देते, बोलत मात्र नाही. आम्ही रोज नाल्यापर्यंत जातो. परतलो की ते विचारतात, "दुसऱ्याचं पाऊल दिसलं काय, वहिनी?"

अजून दिसलेलं नाही. ते मी त्यांना सांगत नाही. जाऊन बघायला त्यांनाही पाय आहेत.