ज्याला मी घुमा ठरवलं...

गेल्या रविवारी आम्ही घरचे जतजवळच्या एका वस्तीवर गेलो होतो. भाचीसाठी, म्हणजे माझ्या भावाच्या कांचनसाठी स्थळ बघायला. मुलगा जनावरांचा डॉक्टर, घरची मेंढरं, थोडी ज्वारी.

आमच्याकडं सोयरिकीच्या बैठकीत घरातलं एक बोलणारं माणूस पुढं घालतात. आमच्या घरात ते माणूस म्हणजे मी. गावोगाव व्याख्यानं देते, माईक हातात आला की दीड तास सोडत नाही... तिथंही तेच. एका प्रश्नाला मुलगा तोंड उघडेपर्यंत माझा दुसरा प्रश्न तयार!

तो पोह्यांची बशी धरून बसलेला. हो, नाही, बघू... तासाभरात एवढंच. मग रीतीप्रमाणं दोघांना दहा मिनिटं बाहेर बोलायला पाठवलं. परत आली अर्ध्या तासानं.

परतताना गाडी चालवता चालवता दादा, म्हणजे कांचनचा बाप, म्हणाला, "पोरगं लय घुमं हाय गं. शिकल्याचा माज असंल."

मी लगेच निकाल दिला. ज्याला चार माणसांत बोलता येत नाही, तो उद्या बायकोची बाजू काय घेणार? नकार कळवू. फोन हातात घेतलासुद्धा.

मागच्या सीटवरून कांचन म्हणाली, "आत्या, फोन ठेव जरा. मला काय वाटतं ते इचारलंस का?"

"अगं, मग सांग की!"

"सांगते. पण मधी बोलायचं न्हाई."

मी गप्प. ती म्हणाली, "नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं झाल्यावरच मला लग्न करायचंय. घरात चारदा सांगाय गेले. दरवेळी माझं वाक्य तूच पुरं केलंस, तेबी भलतंच. त्यांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, घरी सांगायला जड जात असंल तर मी बोलू का?"



आपण शांत माणसाला एक तर शिष्ट ठरवतो, नाहीतर बावळट. म्हसवडच्या शाळेत मलाही मुकी म्हणायचे. मनात सगळं असायचं, फक्त बाहेर यायला वेळ लागायचा. तो शिक्का पुसायला मी बोलायला शिकले आणि बोलता आल्यावर तोच शिक्का दुसऱ्याच्या कपाळावर मारायला निघाले!

खरं सांगते, आजही भाषण संपलं की मला माणसं नको होतात. खोलीचं दार लावून तासभर एकटी बसते, तेव्हा कुठं जिवात जीव येतो. मी त्या मुलाच्याच पंगतीतली... हे कबूल करायला इतकी वर्षं गेली.

मी मुलाच्या वडिलांना फोन लावला आणि कांचनच्या हातात दिला. दादा उखडला, "पोरीनं फोन करायचा असतो व्हय?" म्हटलं, "दादा, म्होरं बघ, टँकर हाय."

कांचन अडखळली. थांबली. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं... ओठ दाबून धरले. मग तिनं सावकाश, स्वतःच्या शब्दांत सगळं सांगितलं. मुलगा पसंत आहे, पण लग्न वर्षानं.

पलीकडून आवाज आला, "थांबू की पोरी. त्यानं मगाशीच सांगितलंय आमाला."

व्यासपीठावरून मी बायकांच्या आवाजाबद्दल शेकडो वेळा बोलले असेन. पण एका मुलीला तिचा आवाज मिळाला तो मी गप्प बसले तेव्हा. कांचन, मला अडवलंस... मनापासून थँक्यू गं.